करगणीचा गोळाफेकपटू

नागभीडच्या परिसरात पावसाळा सरून हिवाळ्याची चाहूल लागली, म्हणजे धानाच्या बांध्या पिवळ्या दिसू लागतात. लोंब्या भरतात आणि त्यांच्या मागोमाग पाखरांचे थवेही येतात. मग राखणदार बांधावर उभा राहतो, गोफणीत खडा घालतो, ती डोक्याभोवती दोनतीन वेळा गरगर फिरवतो आणि नेमक्या क्षणी तिचे एक टोक सोडून देतो. खडा सूं असा आवाज करीत बांधीच्या पलीकडे जाऊन पडतो. हाच खडा नुसत्या हाताने फेकला असता, तर त्याच्या निम्म्या अंतरावरही तो गेला नसता.

गोफणीतला खडा इतका दूर का जातो? गोफण फिरत असताना खड्याचा वेग वाढत असतो. त्याला सरळ रेषेत निघून जावयाचे असते, पण दोरी त्याला आत ओढून धरते. दोरी सुटताच त्याला कोणी अडविणारे उरत नाही व साठविलेल्या सर्व वेगानिशी तो निघून जातो. फेकणे हा मनुष्याचा फार जुना उद्योग आहे. शिकारीसाठी, पिकाच्या राखणीसाठी आणि लढाईसाठी त्याने दगड, भाला, चक्र अशा नाना वस्तू फेकल्या. पुढे जीवनातील ही गरज ओसरली, पण फेकण्याचा आनंद ओसरला नाही. त्यातूनच भालाफेक, थाळीफेक, गोळाफेक आणि हातोडाफेक हे चार मैदानी खेळ आजच्या रूपास आले.

यांपैकी हातोडाफेक ही गोफणीची जणू मोठी बहीणच होय. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड या देशांत पूर्वी लोहाराचा खराखुरा घण फेकण्याच्या शर्यती लागत. हळूहळू घणाची जागा लोखंडी गोळ्याने आणि लाकडी दांड्याची जागा तारेने घेतली. नाव मात्र हातोडा हेच राहिले. पुरुषांच्या स्पर्धेतील हातोडा ७.२६ किलोग्रॅम वजनाचा असतो. त्याची तार व मूठ धरून एकंदर लांबी सुमारे १.२ मीटर भरते. खेळाडू दोन्ही हातांनी मूठ घट्ट धरतो, स्वतःभोवती तीन किंवा चार गिरक्या घेतो आणि मग हातोडा सोडतो. हे सारे त्याला अवघ्या २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात करावे लागते. गिरकी घेताना हातोडा त्याला इतक्या जोराने बाहेर ओढतो, की शरीर मागे झुकवून तोल सांभाळला नाही, तर तो स्वतःच फेकला जाईल. प्रेक्षकांना इजा होऊ नये म्हणून वर्तुळाभोवती जाळीचा उंच पिंजरा उभारलेला असतो. सोव्हिएत संघाच्या युरी सेदिख या खेळाडूने १९८६ साली ८६.७४ मीटर अंतरावर हातोडा फेकून जगाला चकित केले होते.

या खेळाची ब्रिटनमधील परंपरा जुनी. तरीही ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या वाट्याला त्यातील पदके फार थोडी आली. १९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा माल्कम नोक्स या ब्रिटिश खेळाडूने सुमारे ४९ मीटर हातोडा फेकून कांस्यपदक मिळविले. नोक्स हा पेशाने शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याने सैनिक म्हणून कामगिरी बजावली होती. पुढे १९३० आणि १९३४ या दोन्ही वर्षी ब्रिटिश साम्राज्याच्या क्रीडासामन्यांत त्याने हातोडाफेकीचे सुवर्णपदक पटकाविले. त्याच्यानंतर ब्रिटनला हातोडाफेकीत ऑलिंपिक पदक मिळण्यास तब्बल ९२ वर्षे लागली. २०१६ साली रिओ येथे सोफी हिचन हिने ते कांस्यपदक जिंकले.

नोक्सला पदक मिळाले, त्यास शंभर वर्षे झाली आणि २०२४ साली जगातले खेळाडू पुन्हा पॅरिसमध्ये गोळा झाले. या वेळीही एक शिक्षक हातात लोखंडी गोळा घेऊन वर्तुळात उभा होता. तो ब्रिटनचा नव्हता, महाराष्ट्राचा होता. त्याचा गोळा तारेला बांधलेला नव्हता. तो एका हाताने फेकावयाचा होता. आणि त्या खेळाडूला पूर्ण साथ देणारा हात एकच होता. त्याचे नाव सचिन सर्जेराव खिलारी.

सचिन यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९८९ रोजी झाला. त्यांचे गाव करगणी. ते सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. हा सारा मुलूख माणदेश या नावाने ओळखला जातो. नागभीडकडील मुलांना माणदेशाची कल्पना सहजासहजी येणार नाही. इकडे घोडाझरीसारखा विस्तीर्ण तलाव आहे, गावोगावी बोड्या आहेत, सभोवती साग-मोहाचे रान आहे आणि पावसाच्या पाण्यावर धान पिकते. माणदेशात मात्र पावसाची ओढ ठरलेलीच. उघडेबोडके माळ, मुरमाड जमीन, ज्वारी-बाजरीची शेते आणि मेंढरांचे कळप असे तेथील रूप आहे. काटक व चपळ खिलार बैलांसाठी हा प्रदेश प्रसिद्ध आहे. तेथील माणसेही त्या बैलांसारखीच चिवट, पाऊस लांबला तरी पेरणीची आशा न सोडणारी. अशा मुलखात एका शेतकरी कुटुंबात सचिन वाढले.

शाळेत असतानाच त्यांच्यावर संकट कोसळले. सायकलवरून जात असता अपघात झाला आणि डाव्या हाताचे हाड मोडले. हाड मोडणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. खेळताना किंवा झाडावरून पडून पुष्कळ मुलांचे हात मोडतात आणि काही आठवड्यांत ते बरेही होतात. सचिनच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. हाताला गँग्रीन झाला. शरीराच्या एखाद्या भागाला रक्ताचा पुरवठा होईनासा झाला, म्हणजे तो भाग मृत होऊ लागतो. या विकारास गँग्रीन म्हणतात. तो वेळीच रोखला नाही, तर जिवावर बेतते. हातावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. हात राहिला, परंतु कोपराजवळचे स्नायू गेले. तो हात पूर्वीसारखा कधीच झाला नाही.

शाळकरी मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, याचा विचार करून पाहावा. सदऱ्याच्या गुंड्या लावणे, दप्तर उचलणे, विहिरीतून पाणी शेंदणे, बैलाचा कासरा धरणे, अशी साधी कामेही दोन्ही हातांवाचून अवघड होतात. खेळाच्या मैदानावर तर ही उणीव पदोपदी जाणवते. सवंगडी दया दाखवितात किंवा चेष्टा करतात, आणि मुलाला दोन्ही सारखेच लागते. अशा वेळी मैदानाच्या कडेला जाऊन बसणे हाच सोपा मार्ग असतो. सचिन त्या मार्गाने गेले नाहीत.

त्यांनी शिक्षण सोडले नाही आणि खेळही सोडला नाही. उच्च शिक्षणासाठी त्यांनी यंत्र अभियांत्रिकी हा विषय निवडला. यंत्र अभियांत्रिकी म्हणजे बल, गती, भार आणि तरफ यांचे शास्त्र. ज्या नियमांनी यंत्र चालते, त्याच नियमांनी भालाही उडतो आणि गोळाही पडतो. सचिन यांच्या आयुष्यात अभ्यास आणि खेळ एकमेकांच्या आड आले नाहीत, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यांचा पहिला खेळ गोळाफेक नव्हता, भालाफेक होता. उजवा हात धडधाकट होता आणि भाला एकाच हाताने फेकावयाचा असतो. प्रारंभी ते सर्वसाधारण खेळाडूंबरोबरच स्पर्धा करीत. पुढे २०१५ च्या सुमारास ते दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धांत उतरले. भालाफेकीत त्यांनी नाव मिळविले. आता हाच आपला खेळ, असे वाटू लागले असतानाच दुसरे संकट आले. त्यांच्या खांद्याला दुखापत झाली. भालाफेकीत हात डोक्यामागे खेचून एखाद्या चाबकासारखा पुढे आणावा लागतो. त्या झटक्याचा सर्वांत मोठा ताण खांद्यावर पडतो. दुखावलेला खांदा तो ताण सोसेना.

लहानपणी एक हात गेला होता. आता दुसऱ्या हाताच्या भरवशावर उभारलेला खेळही सुटत होता. एवढे झाल्यावर एखाद्याने मैदानाचा निरोप घेतला असता, तर त्यास कोणीही दोष दिला नसता. सचिन यांनी भाला खाली ठेवला, पण मैदान सोडले नाही. त्यांनी गोळा उचलला.

भालाफेक व गोळाफेक हे दोन्ही फेकण्याचेच खेळ असले, तरी त्यांच्या रीती अगदी भिन्न आहेत. भाला हलका असतो. तो धावत येऊन फेकतात. गोळा जड असतो. तो फेकतात असे आपण म्हणतो खरे, परंतु वस्तुतः तो ढकलावयाचा असतो. गोळा मानेला, हनुवटीच्या खाली टेकवून धरावा लागतो. तो खांद्याच्या रेषेच्या मागे नेता येत नाही आणि एकाच हाताने सोडावा लागतो. वर्तुळाच्या पुढच्या बाजूस एक लाकडी अडसर बसविलेला असतो. त्याच्या आतल्या अंगाला पाय लागला तरी चालतो. माथ्याला लागला किंवा पाय पलीकडे पडला, तर ती फेक बाद ठरते. गोळा टाकल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडावे लागते. गोळा जमिनीवर जेथे प्रथम टेकतो, तेथून वर्तुळाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. भालाफेकीत मुरलेल्या खेळाडूला हे सारे नव्याने शिकावे लागते. जुनी सवय विसरणे हे तर नवी सवय लावून घेण्याहूनही कठीण असते.

गोळा जर एकाच हाताने फेकावयाचा असतो, तर दुसरा हात अधू असल्याने काय बिघडते, असा प्रश्न कोणासही पडेल. या प्रश्नाचे उत्तर समजले, म्हणजे सचिन यांच्या कामगिरीचे खरे मोल कळेल.

गोळ्याला मिळणारा जोर मुख्यतः हातातून येत नाही. तो पायांतून सुरू होतो. खेळाडू प्रथम गुडघ्यांत वाकतो, पाठ फेकीच्या दिशेला करतो आणि मग पायांनी जमीन रेटीत सरळ होऊ लागतो. हा जोर पायांतून कमरेत, कमरेतून धडात, धडातून खांद्यात आणि सर्वांत शेवटी हातात व बोटांत येतो. पाठमोरे उभे राहून आरंभ करण्याची ही रीत अमेरिकेच्या पॅरी ओब्रायन या खेळाडूने १९५० नंतरच्या काळात रूढ केली आणि तिच्या बळावर १९५२ व १९५६ या दोन ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदके मिळविली. या साऱ्या हालचालीत मोकळा हात रिकामा नसतो. उजव्या हाताने फेकणारा खेळाडू आपला डावा हात झटक्याने फिरवून छाती उघडतो आणि शेवटच्या क्षणी तोच हात अंगाशी आवळून डावी बाजू थोपवून धरतो. डावी बाजू थांबली, म्हणजे उजवी बाजू अधिक वेगाने पुढे येते. दाराच्या बिजागरीची बाजू पक्की असेल, तरच दार जोराने फिरते. तसाच हा प्रकार आहे. शिवाय गिरकीच्या वेळी तोल राखण्याचे कामही दोन्ही हात मिळून करतात.

डावा हात नीट साथ देत नसेल, तर हे काम कोणी करावयाचे? ते पायांना, कमरेला आणि पाठीला करावे लागते. त्यासाठी त्या स्नायूंना अधिक बळकट करावे लागते. पण बळ वाढविण्याचा जो नेहमीचा उपाय, म्हणजे दोन्ही हातांनी लोखंडी वजने उचलणे, तोही एका हाताच्या खेळाडूस सरळपणे करता येत नाही. प्रत्येक व्यायाम आपल्या शरीराला जुळेल असा बसवून घ्यावा लागतो. हातोडाफेकीत तर दोन्ही हातांची मूठ लागते. तो खेळ दिव्यांगांच्या पॅरालिंपिक सामन्यांत नाही. मात्र ज्यांच्या हातांत फार थोडे बळ उरले आहे, अशा खेळाडूंसाठी ३९७ ग्रॅम वजनाचा लाकडी मुद्गर फेकण्याचा एक निराळा खेळ त्या सामन्यांत असतो.

हे पॅरालिंपिक सामने कसे सुरू झाले, तेही येथे पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले पुष्कळ सैनिक ब्रिटनमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात होते. पाठीच्या कण्याला मार बसल्याने त्यांतील अनेकांचे पाय लुळे पडले होते. डॉक्टर लुडविग गटमन यांनी त्यांच्या उपचारात खेळाचा समावेश केला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्या लहानशा स्पर्धेतूनच १९६० साली रोम येथे पहिले पॅरालिंपिक सामने उभे राहिले. सर्वांना न्याय मिळावा म्हणून या सामन्यांत शारीरिक स्थितीनुसार खेळाडूंचे गट पाडतात. उभे राहून फेकणारे व एका हाताने अधू असलेले खेळाडू एफ ४६ या गटात मोडतात. या गटातील पुरुषांचा गोळा ६ किलोग्रॅमचा असतो.

भारताला या सामन्यांतील पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे गृहस्थ महाराष्ट्राचेच होते. मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यातील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. ते खचले नाहीत. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पेटकरांचे गाव पेठ इस्लामपूर. तेही सांगली जिल्ह्यातच आहे. पुढे १९८४ च्या सामन्यांत भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्यपदक मिळविले. त्याच सामन्यांत जोगिंदरसिंग बेदी यांनी भारतासाठी पुरुषांच्या गोळाफेकीचे पदक आणले. २०१६ साली महिलांच्या गोळाफेकीत दीपा मलिक यांना रौप्यपदक मिळाले. पुरुषांच्या गोळाफेकीत मात्र १९८४ नंतर भारताची पाटी कोरीच राहिली होती.

सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत हळूहळू, पण न थांबता प्रगती केली. जुलै २०२३ मध्ये पॅरिस येथे दिव्यांगांची जागतिक मैदानी स्पर्धा झाली. तीत १६.२१ मीटर अंतरावर गोळा टाकून त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि आशिया खंडाचा नवा विक्रम नोंदविला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनमधील हांगचौ येथे आशियाई सामन्यांत १६.०३ मीटर फेकीसह ते पुन्हा पहिले आले. मे २०२४ मध्ये जपानमधील कोबे येथे त्यांनी आपले जागतिक विजेतेपद राखले. या वेळची फेक १६.३० मीटर होती. १६.२१ वरून १६.३० म्हणजे केवळ ९ सेंटीमीटर. अर्ध्या वितीहूनही हे अंतर कमी भरते. दहा महिन्यांच्या घामाचे फळ एवढेच! परंतु वरच्या पायरीवर पोहोचलेल्या खेळाडूची प्रगती अशीच बोटाबोटाने होत असते.

त्यानंतर उजाडला तो ४ सप्टेंबर २०२४ हा दिवस. पॅरिसच्या स्ताद द फ्रान्स या प्रचंड क्रीडांगणावर एफ ४६ गटाच्या गोळाफेकीची अंतिम स्पर्धा होती. सचिन यांचे वय ३४ वर्षांचे होते. त्यांच्यासमोर कॅनडाचा ग्रेग स्ट्युअर्ट उभा होता. स्ट्युअर्टला जन्मतःच डाव्या हाताचा कोपरापुढील भाग नाही, परंतु त्याची उंची २.१८ मीटर आहे. उंच खेळाडूच्या हातून गोळा अधिक उंचीवरून सुटतो, म्हणून तो अधिक दूर जातो. यापूर्वीच्या टोकियो येथील सामन्यांत स्ट्युअर्टनेच सुवर्णपदक मिळविले होते.

दुसऱ्या प्रयत्नात सचिन यांनी सारे बळ एकवटून गोळा सोडला. तो १६.३२ मीटरवर जाऊन पडला. आशियाचा आपलाच विक्रम त्यांनी पुन्हा एकदा मोडला होता. जन्मात कधी पडली नव्हती एवढी लांब फेक ऐन मोक्याच्या क्षणी पडली होती. पण स्ट्युअर्टचा गोळा १६.३८ मीटरवर पडला. क्रोएशियाच्या लुका बाकोविचने १६.२७ मीटरपर्यंत मजल मारली. स्पर्धा संपली तेव्हा सचिन खिलारी सुवर्णापासून ६ सेंटीमीटर दूर होते आणि त्यांच्या मागे असलेला खेळाडू त्यांच्यापासून ५ सेंटीमीटर दूर होता. चार बोटांएवढ्याही नसलेल्या अंतराने सोने हुकले आणि तेवढ्याच अंतराने चांदी राखली गेली. पुरुषांच्या गोळाफेकीत ४० वर्षांनी भारताला पॅरालिंपिक पदक लाभले. त्या सामन्यांत भारताने एकंदर २९ पदके मिळविली. त्यांत हे एक होते.

सारा देश आनंदित झाला. स्वतः खिलारी यांना मात्र पूर्ण समाधान वाटले नाही. आपली ही सर्वांत चांगली फेक असली, तरी मला सुवर्णपदक हवे होते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. हे बोलणे हावरटपणाचे नव्हे. आपण काय केले आणि आपणास काय करता आले असते, या दोहोंचा हिशोब जो प्रामाणिकपणे मांडतो, तोच पुढे जातो. त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या उंचीकडे बोट दाखविले नाही, की स्वतःच्या हाताची सबब सांगितली नाही.

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. त्याच समारंभात ऐंशी वर्षांच्या मुरलीकांत पेटकर यांनाही त्यांच्या जीवनभराच्या कामगिरीबद्दल अर्जुन पुरस्कार मिळाला. एकाच जिल्ह्याचे दोन सुपुत्र, एक युद्धात जखमी झालेला आणि एक सायकलवरून पडलेला, एकाच दिवशी एकाच दालनात सन्मानित झाले. दोघांच्या पदकांमध्ये ५२ वर्षांचे अंतर होते.

खेळाबरोबरच खिलारी यांनी विद्यादानही केले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी शिकविले, आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना बसणाऱ्या तरुणांना मार्गदर्शन केले. शंभर वर्षांपूर्वीचा माल्कम नोक्सही शिक्षकच होता, हे येथे पुन्हा आठवते. दिवसा फळ्यासमोर उभे राहावे आणि सकाळ-संध्याकाळ मैदानात घाम गाळावा, असे या दोघांचे जीवन. देश निराळे, काळ निराळा, खेळ थोडा निराळा. पण लोखंडाच्या गोळ्याने दोघांकडून जी मेहनत करवून घेतली, ती एकाच जातीची.

नागभीडच्या बांध्यांतून धान खळ्यावर आले, की शाळांच्या मैदानी स्पर्धांचे दिवस येतात. २०२३ च्या डिसेंबरात याच चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ विसापूर येथे देशभरातील शाळकरी खेळाडू राष्ट्रीय मैदानी स्पर्धेसाठी जमले होते. मैदानावर फक्कीने एक वर्तुळ आखले आणि हाती एक गोळा आला, की गोळाफेकीचा सराव सुरू होतो. त्याला फार मोठ्या साहित्याची गरज नसते. पहिल्या दिवशी गोळा पायाजवळच पडतो. मुले हसतात. दुसऱ्या दिवशी तो एक बोटभर पुढे पडतो आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्याच्या ध्यानात येते, तो फक्त फेकणारा असतो. करगणीच्या मुलाने असेच एकेक बोट मोजीत १६ मीटर ३२ सेंटीमीटरचा पल्ला गाठला. अशा एखाद्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला कोणी मूल एकटे बसलेले दिसले, तर त्याच्या हाती गोळा द्यावा आणि फेक मोजण्यासाठी फितीचे दुसरे टोक आपण धरावे.

अभ्यास

१. गोफण आणि हातोडाफेक यांत कोणते साम्य आहे? ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. नागभीडचा परिसर आणि माणदेश यांच्यातील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. गोळा एका हाताने फेकावयाचा असूनही दुसऱ्या हाताची आवश्यकता का भासते?
४. सचिन खिलारी यांनी भालाफेक का सोडली? त्यानंतर त्यांनी काय केले?
५. ‘प्रगती बोटाबोटाने होत असते’ हे विधान पाठातील आकड्यांच्या आधारे स्पष्ट करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पाटी कोरी राहणे, जिवावर बेतणे, बळ एकवटणे, सबब सांगणे.
७. शाळेच्या मैदानावर गोळाफेकीचे वर्तुळ आखा. आठवडाभर आपली रोजची फेक मोजून वहीत नोंद करा.